ओट्यावरचे बटाटे

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. त्या काळी आपल्याकडे बटाटा होता का, असं एखादा शहाणा विचारील. त्याला सांगा, बाकी कुठे असो नसो, या गोष्टीत होता.

तर एका डोंगराच्या पायथ्याशी चाळीस उंबऱ्यांचं एक गाव होतं. गावात महादेवाचं देऊळ होतं आणि त्या देवळाची एक रीत होती. महाशिवरात्रीला सारं गाव उपास करी. दुपारी अभिषेक झाला की देवळाच्या अंगणात चुलवणावर एकच मोठं पातेलं चढे आणि त्यात बटाटे उकडत. बटाटे एकाच घरचे असत. त्या घरच्या बाईनं पहिला बटाटा आपल्या हातानं गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला द्यायचा. त्यानं तो खाल्ला की मग बाकीच्यांनी पानावर बसायचं. याला पातेल्याचा मान म्हणत.

मानानं पोट भरत नाही आणि तो अंगावर घालूनही मिरवता येत नाही. पण तो ज्याच्या घरी असतो, त्याला विचारून बघा.

हा मान वीस वर्षं आवडाबाईच्या हातात होता. सासूनं कुठूनसं बियाणं आणलं, परसात लावलं आणि जाताना सुनेच्या पदरात टाकलं. आवडाबाईनं ते जिवापाड जपलं. तिच्यासारखे बटाटे पंचक्रोशीत होत नव्हते, हे खरं. त्याला एक कारण तिचा हात, हेही खरं. दुसरं कारण मात्र फक्त तिला आणि तिच्या सुरीला ठाऊक होतं.

शिवरात्र झाली की उरलेल्यातले चार-चार बटाटे ती शेजारीपाजारी वाटायची. कुणी चिकट म्हणू नये ना! पण वाटण्याआधी सुरीच्या टोकानं एकेका बटाट्याचे डोळे कोरून काढायची. डोळा नाही तर कोंब नाही, आणि कोंब नाही तर दुसऱ्याच्या परसात बटाटा नाही. बायका बिचाऱ्या म्हणायच्या, किती निगुतीची बाई, चिरणाऱ्याला त्रास नको म्हणून डोळेसुद्धा काढून देते.

अशी वीस वर्षं गेली. एकविसाव्या वर्षी शेजारच्या घरात नवी सून आली. तिचं नाव हौसा. दिवाळीला ती माहेरी गेली आणि येताना तिच्या आईनं लाडवांच्या डब्याबरोबर फडक्यात बांधून बियाण्याचे बटाटेही दिले. हौसाच्या माहेरी घरोघरी बटाटे लावत. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. लोक मेथी लावतात, कोथिंबीर लावतात, तसे बटाटे.

दोन्ही घरांच्या परसांमध्ये शेराच्या झुडपांचं कुंपण होतं. एका सकाळी आवडाबाई आपल्या परसात गेली, तर पलीकडे हौसा उकिडवी बसून बटाटे कापत होती. प्रत्येक फोडीला एक-दोन डोळे राहतील अशा बेतानं कापत होती, कापलेल्या बाजूला चुलीतली राख चोळत होती आणि फोडी सुपात मांडून ठेवत होती. आवडाबाई कुंपणाशी आली. राख चोळायची युक्ती गावात आपल्यालाच माहीत, असं तिला वीस वर्षं वाटत आलं होतं.

“काय लावतीस गं?” तिनं विचारलं, जणू दिसतच नव्हतं.

“बटाटं, मावशी. आईनं दिल्यात. थोडंच हाईत.”

थोडेच आहेत, या दोन शब्दांवर आवडाबाईनं स्वतःची समजूत घातली. नव्या पोरीला जमायचं नाही, अळ्या खातील, पाणी जास्त होईल, असं ती मनाशी म्हणाली. मग तिनंही त्याच दिवशी आपल्या वाफ्यांत सऱ्या पाडल्या, शेणखत घातलं आणि फोडी लावल्या. दरवर्षीपेक्षा दोन सऱ्या जास्तच लावल्या.

यापुढे तिचा एक डोळा आपल्या परसात आणि दुसरा शेजारच्या परसात असं होऊन बसलं. हौसाचे कोंब तीन दिवस आधी वर आले. तीन दिवस म्हणजे काय मोठंसं? पण आवडाबाईला ते तीन दिवस तीन काटे टोचावेत तसे टोचले. शेराच्या कुंपणात तिनं दोन फांद्या वाकवून एक फट केली. पाणी घालताना फटीतून बघायची, निवडण निवडताना फटीतून बघायची. कुणी आलं तर कोंबडी शोधते म्हणायची. गावातल्या बायकांना वाटे, हिची कोंबडी फारच पळपुटी दिसते.

पंधरवड्यात हौसाची रोपं वीतभर झाली. तिनं बुंध्याशी मातीची भर घातली. आवडाबाई फटीतून बघत राहिली आणि बघता बघता तिच्या स्वतःच्या रोपांची भर घालायची राहिली. आठवणीनं घातली तेव्हा आठ दिवस उशीर झाला होता. त्याचाही राग तिनं हौसावरच काढला.

मग पाणवठ्यावरच्या बायका हौसाच्या परसाशी थांबायला लागल्या. पानं गर्द होती, मधूनमधून पांढरी-जांभळी फुलं होती. बायजाआजी, जी गावात सगळ्यात म्हातारी होती आणि जिच्या हातावर दरवर्षी पहिला बटाटा पडायचा, तीसुद्धा एकदा काठी टेकत तिथं थांबली आणि म्हणाली, पोरीच्या हाताला गुण आहे. एवढंच म्हणाली आणि पुढं गेली. आवडाबाईच्या दारावरून ती गेली, पण थांबली नाही.

त्या दिवशी आवडाबाई जेवली नाही. नवऱ्यानं विचारलं, काय दुखतंय? ती म्हणाली, काही नाही. खरं तर सगळंच दुखत होतं, पण कुठं म्हणून हात ठेवून दाखवणार?

आता एक सांगतो. वांगी असती, भोपळे असते, तर आवडाबाई निदान शेजारणीच्या वेलावरचे भोपळे मोजून मोकळी झाली असती. बटाट्याचं तसं नाही. जे काही आहे ते जमिनीखाली. वर नुसता पाला. हौसाच्या पाल्याखाली काय आहे ते तिला दिसेना, आणि आपल्या पाल्याखाली काय आहे हे बघितल्याशिवाय चैन पडेना. मग तिनं खुरप्याचं टोक घेऊन एका रोपाच्या बुडाची माती हळूच बाजूला सारली. सुपारीएवढे बटाटे होते. तिनं माती लोटली. दोन दिवसांनी पुन्हा उकरून बघितलं. मग रोजच बघायला लागली. कधी माती नीट लोटायची, कधी घाईत अर्धीच.

नवऱ्याला हे दिसलं. तो फार बोलणारा माणूस नव्हता. पण त्या दिवशी म्हणाला, की अंड्यावर बसलेली कोंबडीसुद्धा दर घटकेला उठून बघत नाही. आवडाबाई म्हणाली, तुमचं काय जातंय, मान जायचा तो माझा. त्यानं विषय सोडला, कारण मान खरोखरच तिचा होता आणि ती तो गमावायला भीत होती, हे त्याला कळत होतं. मूलबाळ नव्हतं. गावात तिला कुणाची आई म्हणून हाक येत नव्हती. वर्षातून एक दिवस सारं गाव तिच्या हाताकडं बघायचं, तेवढंच तिचं होतं.

माघ लागला. हौसाच्या रोपांची पानं पिवळी पडू लागली. तुम्हाआम्हाला वाटेल, आवडाबाईला बरं वाटलं असेल. पण ती कसलेली बाई. पान पिवळं पडलं म्हणजे रोपानं आपली कमाई खाली उतरवली आणि बटाटा पिकला, हे ती चांगलं जाणून होती. तिची रोपं अजून हिरवीच होती, कारण भर उशिरा पडली आणि मुळं रोज ढवळली गेली. हिशोब सरळ होता. हौसाचे बटाटे शिवरात्रीला बरोबर तयार होणार होते.

आवडाबाईनं शिवरात्रीच्या दहा दिवस आधीच कुदळ हातात घेतली. हिरव्या रोपांखालचे बटाटे खणून काढले. आणि काय सांगू, चांगले मोठे निघाले! साल कोवळी होती, हात लावला तर सुटत होती, पण आकार बघणाऱ्याचं लक्ष सालीकडं जात नाही. तिनं एकेक बटाटा ओल्या फडक्यानं पुसला आणि रस्त्याकडच्या ओट्यावर ओळीनं मांडला. ओटा भरला. दिवसभर ऊन होतं आणि त्या उन्हात बटाटे नुसते चमकत होते.

जाणारायेणारा थांबू लागला. वा, आवडाबाई, यंदाही तुमचंच पातेलं. यंदा तर फारच मोठे दिसतात. ती दाराशी बसून हे ऐकायची आणि प्रत्येक वेळी शेजारच्या दाराकडं एक नजर टाकायची. हौसा आत असली तर बोलणारा माणूस जरा मोठ्यानं बोलेल असं बघायची.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं एक बटाटा उचलला, तर एका अंगाला फिकट हिरवी झाक आली होती. ती चमकली. बटाट्याला ऊन दाखवायचं नाही, हे सासूनं तिला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. उन्हानं तो हिरवा होतो, कडवट होतो, खाल्ला तर बाधतो. आतापर्यंत तिनं कधी एक दिवसही बटाटे उन्हात ठेवले नव्हते. ती उठली, आतून गोणपाट घेऊन आली आणि बटाटे आत न्यायला वाकली.

नेमकी त्याच वेळी हौसा घागर घेऊन बाहेर पडली. ओट्याशी थांबली आणि चांगल्या मनानं म्हणाली,

“मावशी, सावलीत घ्या हो ती. ऊन लागून हिरवी पडाय लागल्यात.”

हे हौसा बोलली नसती, तर ही गोष्ट इथंच संपली असती. बटाटे आत गेले असते, दोनचार टाकावे लागले असते, बाकीचे पातेल्यात पडले असते. पण ती बोलली. आणि आवडाबाईला त्यात काळजी ऐकू आली नाही. कालची पोर मला बटाटे शिकवते, असं ऐकू आलं. त्याहून वाईट म्हणजे, हिला माझा भरलेला ओटा बघवत नाही, असं ऐकू आलं. ज्याच्या पोटात जे असतं, तेच त्याला दुसऱ्याच्या पोटात दिसतं.

“बटाटं माझं, ओटा माझा,” ती म्हणाली. “तुझ्या डोळ्यात खुपत असलं तर तिकडून वाट हाय.”

हौसा घागर सावरून पाण्याला गेली. आवडाबाईनं गोणपाटाची घडी घातली आणि आत नेऊन ठेवली. आता बटाटे आत घ्यायचे, म्हणजे तिचं ऐकल्यासारखं झालं असतं. ते पुढं सात दिवस ओट्यावरच राहिले.

इकडं हौसानं शिवरात्रीला चार दिवस असताना वाळल्या पाल्याखालचे बटाटे काढले, माती झटकली आणि माजघरात अंधारात पसरले. कुणाला दाखवले नाहीत. तिच्या डोक्यात पातेलंही नव्हतं आणि मानही नव्हता. पाहुणे येणार होते, त्यांच्यासाठी तिला भाजी हवी होती.

शिवरात्रीच्या सकाळी आवडाबाई बटाटे धुवायला बसली. पाण्यात पडल्यावर रंग आणखी उठून दिसला. हिरवे, गर्द हिरवे. तिनं घासले. घासून माती जाते, रंग कुठला जायला? नवरा शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, हे देवळात नेऊ नकोस. शेजारच्या पोरीनं चार दिवसांपूर्वी काढलेत, यंदा तिचे जाऊ देत, एक वर्षाचा तर प्रश्न आहे.

“मान एकदा उंबऱ्याभाईर गेला, की त्याला परतीची वाट सापडत न्हाई,” ती म्हणाली. “उकडल्यावर कुणाला कळतंय?”

आणि तिनं पाट्या भरल्या.

दुपारी अभिषेक झाला. पातेलं चढलं, उतरलं. सकाळपासून उपाशी असलेलं गाव अंगणात पंगतीनं बसलं. पोरंसोरं पानावर मिठाची चिमूट घेऊन वाट बघत होती. आवडाबाईनं नवं लुगडं नेसलं होतं. तिनं पातेल्यातून एक बटाटा काढला, सोलला आणि बायजाआजीच्या हातावर ठेवला. सोलताना आतलं हिरवं तिला दिसलं. तिनं ती बाजू खाली केली.

बायजाआजीनं घास घेतला. चावला. थांबली. देवाच्या दारातलं अन्न थुंकायचं नाही म्हणून तिनं तो कसाबसा गिळला आणि पाणी मागितलं. सगळे बघत होते. पाणी पिऊन झाल्यावर आजीनं उरलेला बटाटा आवडाबाईच्या हातावर ठेवला.

“आवडे, आता ह्यो तू खा,” ती म्हणाली. “आन गोड हाय का कडू, ते गावाला तूच सांग. तू सांगशील तसं.”

आवडाबाईनं बटाटा तोंडात घातला. कडू! जिभेपासून घशापर्यंत जाळत गेला. तिला कळलं की म्हातारीनं आपल्यासाठी एक दार उघडं ठेवलं आहे. गोड म्हटलं, तर आजी काही बोलणार नव्हती. मान राहिला असता. आणि समोरची पन्नास पोरं उपाशीपोटी ते विष खायला बसली असती. तिनं पंगतीकडं बघितलं. सगळ्यात पुढं बसलेली एक लहानगी मिठाचं बोट चाटत तिच्याकडं बघत होती. आवडाबाईला फार लाज वाटली. आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी वाटली.

“कुणी खाऊ नगा,” ती म्हणाली. “कडू हाईत. मला सकाळपासनंच ठावं हुतं.”

 पातेलं उचललं गेलं आणि गावाबाहेरच्या खड्ड्यात रिकामं झालं. हौसाच्या माजघरातून बटाटे आले, पुन्हा चूल पेटली आणि उपाशी गावानं आणखी दोन घटका वाट बघितली. मग हौसानं, तिला नीट कळतही नव्हतं की काय चाललं आहे, पहिला बटाटा आजीच्या हातावर ठेवला. आजीनं खाल्ला. गाव जेवलं. पातेल्याचा मान त्या दिवशी शेराचं कुंपण ओलांडून पलीकडं गेला.

आवडाबाईच्या घरी अजून तीन पोती हिरवे बटाटे उरले होते. ती ते उकिरड्यावर टाकायला निघाली, तर बायजाआजीनं काठी आडवी घातली. असले बटाटे खायचे नसतात, ती म्हणाली, पण लावायला त्यांच्यासारखे दुसरे नाहीत. हिरवा झालेला बटाटा कुजत नाही, सुरकुतत नाही, आठ महिने सावलीत टिकतो आणि कोंब दणकट येतात. तेव्हा घरटी पाटीभर वाट. स्वतःच्या हातानं वाट.

आजी ओट्यावर बसून होती आणि घराघरांतल्या बायका पाट्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. अशा वेळी सुरी काढायची सोय नव्हती. आवडाबाईनं एकेकीच्या पाटीत बटाटे घातले, सगळे डोळ्यांसकट. हौसाच्याही पाटीत घातले. तिथंही माप कमी पडलं नाही.

दिवाळीनंतर चाळीस परसांत चाळीस घरांनी सऱ्या पाडल्या. मार्गशीर्षात सारं गाव बटाट्याच्या पाल्यानं हिरवं झालं. ज्या बाईला एका शेजारणीचे चार वाफे बघवत नव्हते, तिला आता घरातून बाहेर पडलं की दोन्ही अंगांना तेच बघावं लागे. देवाला शिक्षा सुचायची म्हटली, तरी याहून चांगली सुचली नसती.

पहिले काही दिवस आवडाबाई जळली. सवयच ती. पाटलाच्या परसावर जळली, गुरवाच्या परसावर जळली, कुंभारणीच्या दोन सऱ्यांवरसुद्धा जळली. पण एकावर जळता येतं, दोघांवर जळता येतं. चाळीस घरांवर रोज जळायचं, तर माणसानं घरची कामं करायची कधी? पंधरवड्यात ती थकली. आणि थकून आपल्या परसात परत आली, तर तिथं रोपं बुंध्याशी मातीची वाट बघत उभी होती. तिनं वेळेवर भर घातली. पुन्हा उकरून काही बघितलं नाही.

त्या वर्षीपासून पातेल्यात चाळीस घरचे बटाटे पडू लागले, आणि कुठला बटाटा कुणाचा, हे महादेवालाही सांगता येईना.

म्हणून सांगतो मंडळी: दुसऱ्याचं वाढलेलं ज्याला बघवत नाही, त्याला आपलं पिकलेलं राखता येत नाही.